भिंतीमागची खुर्ची

४ फेब्रुवारी

डॉक्टरांनी सांगितलंय, रोज काय खाल्लं आणि पोट कधी बिघडलं ते लिहून ठेवा. तर घ्या. सकाळी दोन अंडी, पाव, चहा. दुपारी भात. रात्री भात. पोट ठीक. झालं? एवढ्याने पान भरत नाही, आणि एवढी जाड वही विकत घेऊन कोरी ठेवणं माझ्या जिवावर येतं. उरलेल्या जागेत माझंच काहीबाही लिहीन. डॉक्टरांना वरच्या दोन ओळी दाखवल्या की काम झालं.

मी फुटबॉलपटू आहे. हे वाक्य मी चारचौघांत म्हटलं की बायकोला खोकला येतो. खरं सांगायचं तर मी क्लबचा दुसरा गोलरक्षक. पहिला म्हणजे भिंत. भिंत कोण हे विचारणारा माणूस या शहरात सापडायचा नाही. मी जिथे केस कापतो तिथे आरशावर त्याचा फोटो आहे, आणि मी खुर्चीत बसलेलो असताना न्हावी मला त्याच्याच गोष्टी सांगतो. आजवरच्या थोर गोलरक्षकांची नावं मोजायला लोक बसले की दोन बोटं होतात न होतात तोच तिसऱ्या बोटावर भिंत येतो. त्यातून पेनल्टी अडवण्यात तर त्याचा हात धरणारा कुणी झालाच नाही म्हणतात. एरवीचा खेळ बरा आहे त्याचा. मी जवळून बघितलाय, उंच चेंडूला घाबरतो. पण पेनल्टी आली की अंगात येतं.

या थोर माणसाच्या मागे मी सतरा वर्षं बसलोय. मागे म्हणजे अगदी मागे. बाकीचे राखीव खेळाडू मैदानाच्या कडेला छपराखाली बाकावर बसतात. मी गोलच्या मागे, जाळीच्या जरा बाजूला, घडीच्या लोखंडी खुर्चीवर, उन्हात. मध्यंतरानंतर संघांनी बाजू बदलल्या की मी खुर्ची काखोटीला मारून अख्ख्या मैदानाला वळसा घालून दुसऱ्या टोकाला जातो. त्या वेळी लोक टाळ्या वाजवतात. ही सगळी भिंतीची कृपा. त्यानेच कोचला सांगून मला तिथे बसवलं. कारण काय, तर पाणी आणि टॉवेल हाताशी असावा. पंचांनी हरकत घेतली तेव्हा स्वतः दाखला घेऊन आला की याच्या पाठीला त्रास आहे, बाकावर बसवत नाही. माझ्या पाठीला तेव्हा काहीही झालेलं नव्हतं. जे झालं ते पुढे त्या खुर्चीने केलं. मग बायकोने उशी शिवून दिली, आणि त्या दिवसापासून सगळा क्लब मला उशी म्हणतो. भिंत आणि उशी. जोडी काय जमलीय.

सतरा वर्षांत प्रत्यक्ष खेळलेले सामने : एकही नाही. तीनदा संधी आली होती. एकदा ताप, एकदा बोट, एकदा पोट. नशीबच करंटं, दुसरं काय.

मला एक सामना हवाय. फार नाही, एक. म्हातारपणी कुणी विचारलं तर खोकला न येता सांगता आलं पाहिजे.

९ फेब्रुवारी

अंडी, केळं. पोट ठीक. सामना घरच्या मैदानावर, अर्थात खुर्चीवर.

दुसऱ्या सत्रात पेनल्टी मिळाली त्यांना. आता भिंतीची एक सवय सांगतो, म्हणजे माणसाचा माज कळेल. समोरचा खेळाडू चेंडू ठेवतो, चार पावलं मागे जातो, पंच शिट्टी तोंडात धरतात, आणि हा मान वळवून मागे माझ्याकडे बघतो. प्रत्येक पेनल्टीला. सतरा वर्षं. जणू म्हणतो, बघ बाबा, शीक काहीतरी. मग पुढे बघतो आणि झेप घेतो.

मी पेनल्टी कधी बघत नाही. मला ते सोसत नाही. मारणारा चेंडू ठेवायला वाकला की माझ्या अंगात काहीतरी व्हायला लागतं, बसवत नाही, आणि शिट्टी वाजली की मी डोळे गच्च मिटून घेतो. लोकांच्या आवाजावरून निकाल कळतो. आज आवाज झाला, डोळे उघडले, तर भिंत उजव्या अंगावर चेंडू पोटाशी धरून पडलेला आणि मी खुर्चीसकट उजवीकडे आडवा. खुर्चीचा एक पाय लंगडा आहे. ऐन वेळी कलते. मागच्या महिन्यात डावीकडे कलली होती. मी क्लबच्या कोठीवाल्याला दहा वेळा सांगितलंय, बदलून दे. तो म्हणतो, भिंतसाहेबांनी सांगितलंय हीच ठेवायची.

रात्री जेवताना सासरेबुवांनी पुन्हा विषय काढला. सासरेबुवा आयुष्यभर घड्याळं दुरुस्त करत होते, आता आमच्याकडेच असतात. लग्नानंतर घरच्या मैदानावरचा एकही सामना त्यांनी चुकवलेला नाही. तिकीट गोलच्या मागचं काढतात, मध्यंतराला तेही उठून माझ्यामागोमाग दुसऱ्या टोकाला येतात. गळ्यात दुर्बीण. आणि दुर्बीण मैदानाकडे नाही, माझ्याकडे लावतात. जावई काय करतो ते बघायचं असतं म्हणे. मी म्हटलं, बाबा, मी बसतो. ते म्हणाले, "जावईबापू, बसण्या-बसण्यात फरक असतो."

मी खुर्चीच्या पायाचं गाऱ्हाणं सांगितलं. बायको ताट उचलता उचलता म्हणाली की एक पाय लंगडा असेल तर खुर्ची दर वेळी एकाच बाजूला कलेल, कधी डावी कधी उजवी कशी कलेल? तिला सुतारकामातलं काय कळतंय. सासरेबुवा भातात बघून हसत होते.

२२ फेब्रुवारी

टीव्हीवाले आलेत. भिंतीच्या कारकिर्दीवर मोठा कार्यक्रम करतायत, थोर खेळाडूंच्या मालिकेतला. आठवडाभर सरावात त्यांचे कॅमेरे. सगळे खेळाडू अचानक केस विंचरून यायला लागले.

मुलाखत घेणारीने भिंतीला विचारलं, पेनल्टीचं रहस्य काय? मी तिथेच गोणीत चेंडू भरत होतो. भिंतीने हातातला चेंडू माझ्या गोणीत टाकला. मग म्हणाला, "मी एकदा मागे बघतो. मग जातो."

तिला वाटलं काहीतरी गहन बोलला. मागे म्हणजे भूतकाळात का, असं तिने विचारलं. तो म्हणाला, तसंच काहीतरी. मला हसू आवरेना. नंतर कॅमेरावाल्याने माझंही चित्रण केलं, पाणी पिताना. एकदा नीट आलं नाही म्हणून पुन्हा प्यायला लावलं.

काय खाल्लं ते विसरलो. पोट ठीक.

६ मार्च

कोचने सरावानंतर थांबवून सांगितलं की रविवारी भिंतीला विश्रांती, उशी, तू खेळणार.

रविवारी! मी दोनदा विचारून घेतलं. कोच म्हणाला, बहिरा झालास का? भिंतीचा चेहरा मात्र पडला होता. पडणारच. सतरा वर्षांत पहिल्यांदा याला कळेल खुर्चीवर बसणं काय असतं.

घरी सांगितलं. सासरेबुवांनी उठून कपाटातला इस्त्रीचा शर्ट काढला आणि रविवारपर्यंत हँगरला टांगून ठेवला. दुर्बिणीच्या काचा पुसल्या. बायको म्हणाली, छान. एवढंच. मला वाटलं नाचेल. मग उठली आणि औषधाच्या डब्यात काहीतरी बघून आली.

आज काहीही खाल्लं नाही, भूकच नाही. हातमोजे घालून झोपलो होतो थोडा वेळ. बायकोने काढले.

८ मार्च, रविवार

लिहवत नाही.

पहाटेपासून पोट. न्हाणीघरातून बाहेर पडायचं आणि परत आत जायचं. काल फक्त भात आणि दही खाल्लं होतं, त्यात बिघडण्यासारखं काय होतं देव जाणे. कोचला फोन बायकोने केला. मी आतून ऐकत होतो. ती म्हणाली, येणार नाहीत, पोट. मग म्हणाली, हो, पुन्हा.

सासरेबुवा तो शर्ट घालून तयार होऊन बसले होते. त्यांनी तो काढून पुन्हा हँगरला लावला. रागावले असते तर बरं झालं असतं.

भिंतीलाच खेळावं लागलं. गोलमागे कुणी नव्हतं. आम्ही तिघांनी रेडिओवर ऐकलं. त्यांना दोन पेनल्टी मिळाल्या आणि दोन्ही वेळा भिंत भलत्याच बाजूला झेपावला. दोन्ही वेळा! एकदा तर म्हणे शिट्टी झाली तरी मागेच वळून बघत राहिला. दोन गोलांनी हरलो. निवेदक म्हणाला, थोर खेळाडूही माणूसच असतो. माझ्या मनात पाप आलं, थोडं बरं वाटलं. लपवून काय करू, माझीच वही आहे.

९ मार्च

संध्याकाळी दारात भिंत. हातात फळांची पिशवी. मी पांघरूण घेऊन पडलेला. माझ्या उशाशी स्टुलावर बसला आणि माझी उशी, म्हणजे खुर्चीवरची, जी कोपऱ्यात पडली होती, ती उचलून मांडीवर घेतली. तिच्याशी चाळा करत म्हणाला, "लवकर बरा हो. खेळ म्हणत नाही मी. नुसता खुर्चीवर येऊन बस."

जखमेवर मीठ म्हणतात ते हे. नुसता खुर्चीवर बस! म्हणजे माझी लायकी तेवढीच. मी भिंतीकडे, घराच्या भिंतीकडे, तोंड करून झोपलो.

मग तो स्वयंपाकघरात गेला, बायको आणि सासरेबुवा तिथे होते. बराच वेळ हळू आवाजात बोलत होते. सासरेबुवा काहीतरी म्हणाले आणि भिंत म्हणाला, "तुम्हाला केव्हापासून माहीत आहे?" त्यावर सासरेबुवा काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. बायको आधी चिडली, भांडं आपटलं, मग हसायला लागली, मग बहुतेक रडली. बाहेर आली तेव्हा नाक लाल होतं. मी विचारलं, काय खलबतं चालली होती? म्हणाली, कांदा चिरत होते. घरात कांदा नव्हता, सकाळीच संपला होता.

दोन संत्री खाल्ली. आंबट होती. पोट उत्तम. कालचा माणूस मी नव्हेच.

१५ मार्च

खुर्ची. एक पेनल्टी. अडवली. खुर्ची डावीकडे कलली. भात.

११ एप्रिल

आज दोन बातम्या. भिंतीने जाहीर केलं की मोसमाच्या शेवटच्या सामन्यानंतर निवृत्त. पत्रकार, फुलं, कॅमेरे. कोच रडला. नंतर त्याच कोचने मला आत बोलावून सांगितलं की माझा करारही क्लब वाढवणार नाही. ना फुलं, ना रडणं. पंखा चालू होता तो फक्त बंद केला, म्हणजे मला नीट ऐकू यावं.

म्हणजे संपलं. शेवटचा सामना भिंतीच्या निरोपाचा, त्यात मला कोण उतरवतंय? एक सामनाही न खेळता मी माजी फुटबॉलपटू होणार. माजी व्हायला आधी आजी असावं लागतं ना.

घरी सगळा राग बायकोवर काढला. नशीब, कोच, भिंतीचं राजकारण, खुर्चीचा पाय, सगळं. ती कपडे घडी करत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं." मी म्हटलं, म्हणजे काय? ती म्हणाली, "तुला भीती वाटते. ताप नव्हता, बोट नव्हतं, पोट नव्हतं. तुझ्या पोटाला कसं कळतं रे, कोणत्या रविवारी तू खेळणारेस?"

मी न जेवताच उठलो. असल्या बाईबरोबर बोलण्यात अर्थ नाही.

१२ एप्रिल

ही वही पहिल्यापासून वाचली. डॉक्टरांसाठी लिहिलेल्या तेवढ्याच ओळी वाचल्या.

वाटते भीती. खुर्चीवर बसलेल्याला कुणी नावं ठेवत नाही. तो किती चांगला असता ते कुणालाच माहीत नसतं, त्यालाही नसतं. झाकली मूठ. उघडली आणि आत काहीच नसलं तर?

हे बायकोला सांगितलं. तिने ताट वाढलं आणि समोर बसून राहिली. पोटभर जेवलो.

३० एप्रिल

आजच्याएवढा अपमान उभ्या जन्मात झाला नव्हता.

भिंतीने सराव संपल्यावर मला थांबवलं. पेनल्टीचा सराव करू म्हणाला. मी गोलमध्ये उभा. खेळाडू एकामागून एक मारतायत आणि मी विचार करतोय की हा उजव्या पायाचा, मागच्या वेळी डावीकडे मारली होती, म्हणजे आता उजवीकडे, पण त्याला माहीत आहे की मला माहीत आहे. माझा विचार होईपर्यंत चेंडू जाळीत. एकही अडला नाही. पोरं गालात हसत होती.

मग भिंत कोपऱ्यात गेला आणि माझी खुर्ची घेऊन आला. ती गोलच्या मधोमध मांडली. वर उशी ठेवली. म्हणाला, बस. मला वाटलं थट्टा करतोय. त्याने खांदा दाबून बसवलंच. "नेहमी बसतोस तसा बस. डोळे मिटायचे तर मीट."

सगळा संघ बघतोय, आणि अडतीस वर्षांचा माणूस गोलमध्ये खुर्ची टाकून बसलेला. मला रडू येत होतं. म्हटलं, मारा काय मारायचं ते. पहिल्याने चेंडू ठेवला, माझी नेहमीची चुळबुळ सुरू झाली, डोळे मिटले, आणि फाटकन चेंडू माझ्या खांद्यावर. मी खुर्चीसकट उजवीकडे आडवा. उठून बसलो. दुसऱ्याने मारला तो कोपरावर, डावीकडे पडलो. तिसऱ्याने तर तोंडावर मारला. मुद्दाम माझ्या अंगावर मारत होते मेले! चौथ्या वेळी खुर्चीचा पाय तुटला.

गंमत म्हणजे आता कुणीच हसत नव्हतं. कोच तोंडाचा आ करून उभा. खुर्ची क्लबच्या मालकीची, भरून कोण देणार याची चिंता असेल. भिंत तेवढा एकटा हसत होता, आणि म्हणाला, "बघितलंत?" मी नाक पुसत तडक घरी आलो.

सासरेबुवांना सांगितलं तर तेही गालातल्या गालात. माझ्या घरात माझ्या बाजूचं कुणीच नाही.

१८ मे

काल शेवटचा सामना झाला. काल लिहिणं शक्यच नव्हतं, आज बसून क्रमाने लिहितो.

सकाळी पोट. न्हाणीघरात. बायको दाराबाहेर येऊन म्हणाली, "बस हवं तेवढं. पण आज मी कोणालाही फोन करणार नाही." मग तिथेच बाहेर बसून राहिली, मला तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता. थोड्या वेळाने बाहेर आलो. आज कुठे मी खेळणार होतो? आज तर भिंतीचा दिवस. तरी पोटाला कोण समजावणार.

स्टेडियम खचाखच. सगळीकडे भिंतीचे फोटो, लहान मुलांच्या तोंडाला रंग. नवीन खुर्ची आली होती, चारही पाय धड. आम्ही एका गोलाने पुढे. सामना संपायला पंधराएक मिनिटं उरली असताना भिंतीने कोचकडे हात केला आणि गुडघ्याकडे बोट दाखवलं. त्याच्या गुडघ्याला काहीही झालं नव्हतं. मी मागेच होतो, मला दिसत होतं. कोचने माझ्याकडे बघितलं. मी मागे बघितलं, मागे कुणी नव्हतं. भिंत गोलमधून चालत माझ्यापर्यंत आला. लोक उभे राहून ओरडत होते, टाळ्या थांबत नव्हत्या, आणि तो त्यांच्याकडे बघतही नव्हता. माझ्या हातातला टॉवेल त्याने काढून घेतला.

"जा आत," म्हणाला. "आणि मागे बघू नकोस. मागे आता मी आहे."

जाता जातासुद्धा माज! मागे मी आहे म्हणे. मी आत गेलो. खुर्चीवरून गोल जेवढा दिसतो त्याच्या चौपट मोठा असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दोन चेंडू आले, ते कसे पकडले ते आठवत नाही. एक हातून निसटला आणि खांबाला लागून बाहेर गेला. लोक हसले. मलाही हसू आलं, आणि हसल्यावर जरा श्वास आला.

आणि शेवटच्या मिनिटाला पेनल्टी.

मारणारा त्यांचा तो दांडगा, ज्याला सगळे तोफ म्हणतात. त्याने चेंडू ठेवला. माझ्या डोक्यात परत सुरू झालं, हा डावखुरा, मागच्या सामन्यात उजवीकडे मारली होती, म्हणजे आज... मेंदूचं दही झालं. काही सुचेना म्हणून मी मागे बघितलं. नको म्हटलं होतं तरी बघितलं. सतरा वर्षं तो बघायचा, एकदा माझी पाळी. तर भिंत माझ्या खुर्चीवर, माझ्या उशीवर बसलेला, आणि तोंडावर टॉवेल! टॉवेल पूर्ण डोक्यावरून. बघतसुद्धा नव्हता. मी सतरा वर्षं याच्यासाठी उन्हात बसलो आणि याला माझी एक पेनल्टी बघवत नाही?

असा संताप आला की डोक्यातलं सगळं गेलं. डावखुरा, उजवा, काही राहिलं नाही. पुढे वळलो, तोफेने पाऊल टाकलं, अंगात ती नेहमीची चुळबुळ झाली, आणि सवयीने माझे डोळे मिटले. मिटले म्हणजे मिटलेच, खोटं का बोलू. खुर्चीवरून कलतो तसा उजवीकडे कललो. फक्त खाली खुर्ची नव्हती.

चेंडू दोन्ही तळव्यांवर येऊन आदळला. मनगटं अजून सुजलेली आहेत.

आवाज असा काही झाला की मला वाटलं गोल झाला. डोळे उघडले तर चेंडू माझ्या छातीखाली. पहिली गोष्ट दिसली ती भिंत. टॉवेल फेकून जाळीला दोन्ही हातांनी धरून उभा, आणि लहान मुलासारखा रडत होता. त्याच्या मागे वर, कठड्यापाशी, इस्त्रीच्या शर्टातले सासरेबुवा. दुर्बीण गळ्यात लोंबकळत होती. आज त्यांना तिची गरज पडली नाही.

सामना आम्ही जिंकलो. पत्रकारांनी भिंतीला गराडा घातला, मीही शेजारी चिखलाने माखून उभा. कुणीतरी विचारलं, तुम्ही पाहिलेला सर्वांत थोर गोलरक्षक कोण? त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "उशी." सगळे खो खो हसले. मीही हसलो. निरोपाच्या दिवशी माणूस चेष्टेच्या मूडमध्ये असतो, असू दे.

निघताना त्याने माझी उशी मागितली. आठवण म्हणून. घरात चषकांना जागा नाही, आणि माणसाला हवी काय, तर घाम लागून पिवळी पडलेली उशी. विक्षिप्त असतात हे मोठे लोक. देऊन टाकली.

घरी येताना सासरेबुवांनी शर्टाची कॉलर सरळ केली. मग म्हणाले, "जावईबापू, शर्टाचं सार्थक झालं." बायकोने माझा सुजलेला हात घरापर्यंत सोडला नाही.

२६ मे

रात्री टीव्हीवर तो कार्यक्रम लागला. भिंतीची कारकीर्द. आम्ही तिघं बसलो. शाळेतला भिंत, पहिला करार, आई, सगळं दाखवलं. मग पेनल्ट्या आल्या. जुन्यातल्या जुन्या, एकामागून एक, मागे संगीत. मी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या पेनल्ट्या उघड्या डोळ्यांनी बघत होतो.

पहिली झाली. दुसरी झाली. तिसरीला मला ते दिसलं. गोलमागे, जाळीच्या बाजूला, चित्राच्या कोपऱ्यात एक माणूस खुर्चीवर बसलेला आहे. समोरचा चेंडू ठेवायला वाकतो आणि हा माणूस हळूहळू एका बाजूला कलायला लागतो. भिंत मान वळवून त्याच्याकडे बघतो. मग शिट्टी. मग भिंत त्याच बाजूला झेपावतो. चौथीला तेच. पाचवीला माणूस डावीकडे, भिंत डावीकडे. केस काळे असलेला मी, मग केस पिकत चाललेला मी, नंतर उशीवर बसलेला मी. दर वेळी आधी मी पडतोय, मग तो.

मी बायकोकडे बघितलं. ती आणि सासरेबुवा टीव्ही बघतच नव्हते, दोघंही माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, तुम्हाला माहीत होतं? सासरेबुवा म्हणाले, त्यांना तिसऱ्या सामन्यापासून माहीत होतं. घड्याळात कोणतं चाक कोणत्या चाकाला फिरवतं तेच तर ते जन्मभर बघत आले. मग सांगितलं का नाही? ते म्हणाले, "सांगितलं असतं तर तुम्ही विचार केला असता. आणि विचार केल्यावर तुमचं काय होतं ते आपण पाहिलंय." बायको म्हणाली, तिला मार्चमध्ये कळलं, फळांच्या दिवशी. तिने भिंतीला सरळ विचारलं होतं की माझ्या नवऱ्याचं श्रेय तुम्ही इतकी वर्षं स्वतःच्या नावावर खाल्लंत, आता परत कसं करणार? तो म्हणाला होता, एकच रस्ता आहे, त्याला एकदा आत उभा करायचा.

मी उठून दुसऱ्या खोलीत गेलो. राग आला होता. सतरा वर्षं! आरशावर फोटो त्याचा, बोटांवर नाव त्याचं, आणि ऊन मला. चोर लेकाचा. मनात चांगल्या सणसणीत शिव्या जमवल्या, बायको ऐकणार नाही म्हणून दार लावलं आणि त्याला फोन लावला. कसं सुरू करायचं तेही ठरवलं होतं.

पहिल्या घंटेलाच उचलला. फोन हातात धरूनच बसला असावा. त्याच्याकडेही मागे तेच संगीत ऐकू येत होतं. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "उशी परत मिळणार नाही."

मी लावलेलं दार पुन्हा उघडलं. शेवटी मी म्हटलं, उन्हात घाल ती अधूनमधून, वास येतो तिला.